खिरापत घरचीच हवी

नवरात्र जवळ आले की मंडळाच्या बैठकीत भोंडल्याचा विषय निघतो. यंदा कार्यकारिणीपुढे अशी सूचना आहे की, सर्वांची धावपळ वाचावी म्हणून खिरापत केटररकडून मागवावी आणि पदार्थांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापावीत. हेतू चांगला आहे. नोकरी, मुलांचे क्लास आणि तासाभराचे ड्रायव्हिंग आटोपून रात्री करंज्या लाटणे काय असते, हे आम्हीही जाणतो. तरीही आम्हा काही सभासद कुटुंबांना ही सूचना पटत नाही.

सूर्य हस्त नक्षत्रात असतो तेव्हाचा हा सण. पाटावर हत्ती काढायचा, त्याची पूजा करायची, भोवती फेर धरून गाणी म्हणायची. कुणाकडे याला हादगा म्हणतात. विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. गाणी थोडीफार बदलतात, पण ती संपल्यावर झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायची गंमत सगळीकडची. आधी नैवेद्य, मग ओळखणे, मग खाणे.

आमच्या मते इथल्या मुलांसाठी हे ओळखणे फार मोलाचे आहे. "गोड की तिखट? ओली की कोरडी? तळलेली, भाजलेली की उकडलेली?" एरवी आपली मुले या सर्वांना मिळून एकच क्रियापद वापरतात: "बनवलं". रविवारच्या मराठी वर्गात हे शब्द फळ्यावर लिहून दिले तर पुढच्या रविवारी विसरतात. डबा उघडायचा असेल तर मात्र खमंग, खुसखुशीत, कडाकणी, साटोरी, वाटली डाळ हे शब्द आपोआप तोंडी बसतात. नावे आधीच छापली तर ओळखायचे काय? आणि समोसा-गुलाबजाम तर प्रत्येक समारंभात असतातच.

अडचणी खऱ्या आहेत. काही मुलांना दाणे, काजू, तीळ चालत नाहीत. त्यासाठी प्रत्येक डब्यातील जिन्नसांची चिठ्ठी एका स्वयंसेविकेकडे द्यावी. तिने त्या मुलांच्या आईवडिलांना आधीच कानात सांगावे. काही हॉलमध्ये घरचे अन्न नेता येत नाही. मग भोंडला एखाद्या सभासदाच्या बेसमेंटमध्ये का करू नये? फेर धरायला जागा लागते, स्टेज लागत नाही.

वेळेचे म्हणाल तर दरवर्षी पाचच घरांनी पाळीपाळीने खिरापत आणावी. एका घराचा एकच पदार्थ. ही पाककलेची स्पर्धा नव्हे. शंकरपाळी वाकडी झाली तरी देवीला चालते. तेही जमत नसेल तर पंचखाद्य करावे. खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर असे 'ख'चे जिन्नस, फारशी शेगडीही लागत नाही. लहान मुलांना एक अक्षर पाठ होईल, हा वरचा लाभ. डबा भरताना मुलांना, आणि मुलग्यांनाही, हाताशी घ्यावे. गुपित सांभाळायला त्यांना फार आवडते.

भारतातून आलेल्या आजींना या डब्यांची जबाबदारी दिली तर त्या आनंदाने घेतील, आणि आपल्याला माहीत नसलेल्या दोन खिरापती शिकवूनही जातील.

केटररला दसऱ्याच्या जेवणासाठी जरूर बोलवू. भोंडल्याचा डबा मात्र आपल्याच ओट्यावर भरला जावा, एवढीच कार्यकारिणीला विनंती.