फ्रिजलाही ताप येतो

मैत्रिणींनो, आषाढ उतरणीला लागला की आमच्या खर्डीत दोन गोष्टी नेमानं होतात. खाटकाच्या दुकानापुढची रांग वाढते आणि रात्री-अपरात्री वीज जाते. श्रावण लागायच्या आत गटारी उरकायची घाई सगळ्यांनाच असते. मागच्या वर्षी या दोन्ही गोष्टी एकाच रात्री माझ्या वाट्याला आल्या.

रविवारच्या रांगेत कोण उभं राहणार, म्हणून शनिवारी संध्याकाळीच दीड किलो मटण आणून फ्रिजमध्ये ठेवलं. दहाच्या सुमारास वीज गेली, ती सकाळी सहाला आली. तेवढ्यात पोरांनी गार पाण्यासाठी दहादा दार उघडलं, ते वेगळंच. सकाळी मटण हुंगून पाहिलं. वास काही येत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "वास नाही ना? मग हळद-मीठ लाव आणि घाल शिजत." माझ्याही हातानं दीड किलो मटण टाकवेना. संध्याकाळी धाकटीला उलट्या सुरू झाल्या आणि रात्री सलाइन लावावं लागलं.

मटणच बाधलं, असं काही डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण त्यांच्या दोन गोष्टी मनात बसल्या. एक म्हणजे, मांसाला वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. तेव्हा नाकावर भरवसा नको. दुसरी म्हणजे, उकळल्यानं जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. हळद-मिठाचा हात जरूर लावा, चवीला तो हवाच. पण त्यानं रात्रभर उबेला राहिलेलं मटण सुधारत नाही.

मग करायचं काय? याचं उत्तर मला सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांनी दिलं. लसींच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर असतो. आतलं तापमान २ ते ८ अंशांत आहे ना, हे त्या रोज दोनदा वहीत लिहितात. पोलिओच्या लसीच्या बाटलीवर गोल आणि त्याच्या पोटात एक चौकोन असतो, तुम्हीही पाहिला असेल. बाटलीला ऊब लागत गेली की चौकोन गडद होतो. गोलाइतका गडद झाला की ती लस बाद. परदेशात काही ठिकाणी मांसाच्या पाकिटांवरही अशा रंग बदलणाऱ्या चिठ्ठ्या लावतात. आपल्या खाटकाच्या काळ्या पिशवीवर त्या कुठून येणार! पण थर्मामीटर आपण आणू शकतो. फ्रिजचा साधा थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एका वेळच्या मटणापेक्षा स्वस्तच म्हणायचा.

मी तो पेलाभर पाण्यात बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवला. सकाळी पाहते तर ९ अंश! दाराच्या कप्प्यात तर १३. आणि मी समजत होते, हाताला गार लागतं म्हणजे झालं. मांसाला ५ अंशांच्या आत थंडावा लागतो. त्याच्या वर, साधारण ६० अंशांपर्यंत, जंतूंची चंगळ असते. मग फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, कोंबलेल्या पिशव्या काढल्या, बटण दोन घरं पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी ४. आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो, तेव्हा पुन्हा ६-७ वर जातं. म्हणून मांस सकाळीच आणते.

आणते तेही लगेच घरी. कल्याणहून मटण घेऊन कसारा लोकलनं यायला तासभर लागतो, त्यात गाडी चुकली तर बघायलाच नको. कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, उन्हाळ्यात तर एकच तास. घरी आल्यावर ते झाकणाच्या डब्यात, बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे त्याचं पाणी कोथिंबिरीवर गळणार नाही. एक-दोन दिवसांत शिजवायचं नसेल तर बर्फाच्या कप्प्यात टाका. उरलेला रस्सा मोठ्या पातेल्यात तसाच ओट्यावर रात्रभर ठेवू नका. पसरट भांड्यांत विभागून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.

कोंबडीचं थोडं वेगळं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला, हजारो कोंबड्या माराव्या लागल्या आणि घरोघरी चिकन बंद झालं. खरं तर तो विषाणू ७० अंशांना मरतो. टोकदार थर्मामीटर असेल तर जाड तुकड्याच्या मध्यभागी खुपसून पाहा, ७४ अंश हवेत. नसेल तर हाडाजवळ गुलाबीपणा राहू देऊ नका. आणि कच्ची कोंबडी धो-धो नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. सवय मोडत नसेल तर पातेल्यात हलक्या हातानं धुवा आणि मोरी लगेच साबणानं घासा.

आता वीज गेली तर. दार उघडायचं नाही! बंद फ्रिज चार तास थंडावा धरतो. त्यापुढे कच्चं-शिजलेलं मांस, कितीही जिवावर आलं तरी, टाकायचं. वेगळ्या दाराचा फ्रीजर भरलेला असेल तर दोन दिवस निभावतो, अर्धा असेल तर एक. आपल्या एका दाराच्या फ्रिजमधल्या चिमुकल्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र एवढी भिस्त नको. तिथे एक वाटी पाणी गोठवा आणि वर रुपयाचं नाणं ठेवा. गावाला जाऊन आलात आणि नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मागे बर्फ वितळून पुन्हा गोठला, हे ओळखायचं.

माझं नाणं दिवाळीत तळाशी सापडलं. सुरमईच्या सहा तुकड्या होत्या. सासूबाईंनीच त्या कागदात गुंडाळल्या आणि म्हणाल्या, "मांजरालाही घालू नकोस गं."