निविदेत एक ओळ घाला

गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांतून या महिन्यात आलेल्या पत्रांत तक्रार एकच आहे, तिचा एक नमुना पाहा. आमच्या संघटनेचे नार्व्याचे एक सभासद महाविद्यालयात ग्रंथपाल आहेत. थकीत पुस्तकांची यादी काढून विद्यार्थ्यांना संदेश पाठवणारी त्यांची स्क्रिप्ट देवघेवीच्या पडद्यावरची बटणे क्रमाने दाबत असे. नव्या संगणकांवर जुने सॉफ्टवेअर चालेना, म्हणून विक्रेत्याने सुधारित आवृत्ती दिली. त्यात एक बटण जागचे हलले. स्क्रिप्ट बंद पडली असती तर बरे झाले असते. पण ती रोज रिकामी यादी काढत राहिली. ना-देय दाखले देण्याची वेळ आली तेव्हा हे उघडकीस आले.

विक्रेता म्हणतो, बाहेरची स्क्रिप्ट आमच्या देखभाल करारात नाही. कार्यालय म्हणते, चालू सॉफ्टवेअर बदलले तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल. विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्येच संपला, तरी केवळ दाखलनोंदींसाठी त्यावरचे एखादे यंत्र जपणारी ग्रंथालये आजही आहेत. याला काटकसर कोण म्हणेल?

आपली मंडळीही कमी दोषी नाहीत. विक्रेत्याचा प्रतिनिधी सांगेल तशी निविदा लिहून देतात, अहवालांचे नमुने मागतात. पण आपल्याच नोंदी परत कशा मिळतील, हे विचारत नाहीत. नोंदींच्या देवाणघेवाणीचे आयएसओ 2709 हे मानक 1973 पासून आहे. युनेस्कोच्या सीडीएस/आयसिसमधूनही त्या स्वरूपात नोंदी बाहेर काढता येत. मग आजच्या विक्रेत्याने निर्यातीचे वेगळे पैसे का मागावेत? सगळ्यांनी कोहा या मुक्तस्रोत ग्रंथालय-सॉफ्टवेअरकडे वळावे, असा आमचा आग्रह नाही. सर्व्हर सांभाळणारा माणूस नसेल तर तिथेही हाल होतात. पण दस्तऐवजीकरण केलेला एपीआय आणि युनिकोडमधील पूर्ण निर्यात, तीही जादा शुल्काविना, ही अट प्रत्येक निविदेत आलीच पाहिजे.

तोवर हातातले काम करा. संपूर्ण तालिका मार्क 21 मध्ये काढून घ्या. देवघेवीच्या नोंदी त्यात येत नाहीत, त्या वेगळ्या सीएसव्हीत मागा. फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडा आणि काही मराठी शीर्षके कपाटातल्या पुस्तकांशी ताडून पाहा. आयएसएमच्या जुन्या फॉन्टात भरलेल्या नोंदी असतील, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतील. रूपांतर आत्ताच करून घ्या, ते जमणारा माणूस पुढे मिळेलच असे नाही. यादी रिकामी आली तर गुपचूप पुढे न जाता ग्रंथपालांना इशारा देऊन थांबण्याची अट स्क्रिप्टमध्ये घाला. आणि निर्यात नाकारली गेली, तर नकार लेखी घ्या व त्याची प्रत आम्हाला पाठवा. सगळ्या प्रती एकत्र करून आम्ही उच्च शिक्षण संचालनालयाकडे नेणार आहोत.