चाचणी केंद्राच्या दारापाशी अडखळणारी पावले

एचआयव्हीविरुद्धच्या लढ्यात भारताने मिळवलेले यश नाकारता येणार नाही. देशातील प्रौढांमध्ये या विषाणूच्या बाधेचे प्रमाण सुमारे ०.२ टक्क्यापर्यंत खाली आले आहे. परंतु या दिलासादायक सरासरीआड एक विषम चित्र दडलेले आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२१ च्या पाहणीत समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये हे प्रमाण ३.२६ टक्के, तर तृतीयपंथीयांमध्ये ३.७८ टक्के आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत हे पंधरा ते अठरा पट आहे.

विषाणू कोणाची लैंगिक ओळख पाहून शरीरात शिरत नाही. असुरक्षित संबंधांतील जैविक जोखीम हे या तफावतीचे एक कारण आहे. पण ती जोखीम वाढवते ती लपून जगण्याची सक्ती. ज्याला आपले नातेच लपवावे लागते, तो डॉक्टरांसमोर तरी मोकळेपणाने काय बोलणार?

संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने २०२५ साठी तीन उद्दिष्टे ठेवली होती : ९५ टक्के बाधितांना आपली स्थिती ठाऊक असावी, त्यांपैकी ९५ टक्क्यांना उपचार मिळावेत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांच्या शरीरातील विषाणू नियंत्रणात यावा. २०२३ च्या अंदाजानुसार भारताचे हे आकडे अनुक्रमे ८१, ८८ आणि ९७ टक्के होते. हा क्रम बोलका आहे. नियमित उपचार घेणाऱ्यांत औषधे उत्तम काम करतात, ती सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात, आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत आढळू नये इतके कमी राहिले तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. आपण सर्वांत मागे आहोत ते पहिल्याच पायरीवर. जवळजवळ पाचातल्या एका बाधिताला आपली स्थिती ठाऊकच नाही.

गोव्यासारख्या लहान राज्यात ही पायरी अधिकच उंच वाटते. येथे इस्पितळाच्या रांगेत कोणी ना कोणी ओळखीचे भेटतेच. चाचणीची गोष्ट वाड्यावर पोहोचली की आजाराबरोबर लैंगिकताही उघड होईल, ही दुहेरी धास्ती माणसाला केंद्राच्या दारातून परत फिरवते.

ही भीती निराधार नाही, हे आपल्याच इतिहासाने दाखवले आहे. १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणाने दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला. तेव्हाच्या आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्यांना म्हापशातील जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. रक्तदान करणाऱ्याच्या वाट्याला आलेली ही वागणूक पाहून किती जणांनी चाचणीचा विचारच सोडून दिला असेल! १९९२ मध्ये निधन होण्यापूर्वी डिसोझा यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली.

आज कायदा बदलला आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अमलात आला. संमतीविना चाचणी, माहिती उघड करणे आणि नोकरी वा उपचारांत भेदभाव करणे यांना त्याने मनाई केली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तथापि, न्यायालयाने दिलेला धीर तपासणी केंद्राच्या खिडकीपर्यंत पोहोचायला हवा. समुपदेशकाचा सूर, नाव पुकारण्याची पद्धत, अहवाल कोणाच्या हाती दिला जातो, अशा साध्या गोष्टींवर माणूस पुन्हा येणार की नाही हे ठरते.

म्हणून केवळ जनजागृतीचे फलक पुरेसे नाहीत. समाजघटकांतील कार्यकर्त्यांच्या साह्याने, सोयीच्या वेळी व गोपनीयता राखून चाचणी करणे, आणि ती फुटल्यास कायद्याने ठरवलेल्या लोकपालाकडे दाद मागता येते हे सांगणे अधिक गरजेचे आहे. औषध आपल्या हाती आहे. ते घेण्यासाठी माणसाने निर्भयपणे पुढे यावे, एवढा विश्वास निर्माण करणे बाकी आहे.