कॉलेज पाहावयास जाताना उतरावे कोठे?

बारावीच्या वर्गात बसलेला मुलगा किंवा मुलगी ज्या घरात आहे, त्या घरात वर्षभर दुसरा विषय नसतो. शाखा कोणती घ्यावी, फी किती पडेल, पुढे पोटापाण्याचे काय, यावर थोरले बंधू, धाकटे बंधू, माहेरपणास आलेल्या आत्याबाई आणि शेजारचे निवृत्त इंजिनिअर असे सर्वजण आपापली मते सांगून मोकळे होतात. 'एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहून या' यावरही सर्वांचे एकमत होते. मात्र तेथे गेल्यावर उतरावयाचे कोठे, हा प्रश्न निघाला की चर्चा एका वाक्यात संपते: 'पुण्याला दादासाहेब आहेतच की!' प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या एका वाक्यानेच पुष्कळदा सगळ्या प्रवासाचे फळ हातचे जाते.

संस्कृतात विद्यार्थ्याला जे शब्द आहेत त्यांत 'अन्तेवासी' हा एक आहे. 'अन्ते' म्हणजे जवळ आणि 'वासी' म्हणजे राहणारा. सप्तमीचा प्रत्यय गिळून न टाकणारा हा अलुक् समास आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन पुरे झाल्यावर आचार्य ज्याला उपदेश करतात, तो हा अन्तेवासी. 'शिष्य' हा शब्द शिकविण्यावरून आला, पण हा आला तो राहण्यावरून. गुरुकुले गेली, तरी शब्दातील मर्म गेलेले नाही. आजचा विद्यार्थी वर्गात बसतो पाच-सहा तास. उरलेले अठरा तास तो जेथे राहतो तेथे जातात. अर्थात् कॉलेज पाहावयास जाणे म्हणजे ते अठरा तास पाहावयास जाणे होय. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांची चित्रे घरी बसून मोबाइलवरही दिसतात.

आमच्या परिचयाच्या, चिपळूणकडील एका घरची काही वर्षांपूर्वीची हकीकत सांगतो. मुलगी हुशार, पण अबोल. कॉलेज पाहावयाचे होते शिवाजीनगर भागातले. चुलत्यांचे बिऱ्हाड सिंहगड रस्त्याने पार धायरीला. मुलीबरोबर आई, वडील आणि आजोबा असे तिघे निघाले. पहिला दिवस प्रवासात आणि आगतस्वागतात गेला. दुसऱ्या दिवशी चहा, मग पोहे, मग 'जेवूनच निघा' असा आग्रह. कॉलेजात पोहोचले तेव्हा कचेरीतील मंडळी दुपारच्या सुट्टीत उठून गेलेली. घाईघाईने आवार पाहिले, माहितीपत्रक घेतले आणि परतले, कारण संध्याकाळी काकूंनी सारसबाग आणि तुळशीबाग असा बेत आधीच ठरविला होता. चुलत्यांचा यात काडीचाही दोष नव्हता. माणूस पाहुणा म्हणून गेला की त्याचा वेळ यजमानाचा होतो, हे उभयपक्षी ठरलेलेच आहे.

खरी गोष्ट घडली ती रात्री पानावर. 'ती इथेच राहील, घरचे अन्न मिळेल, बाहेर कशाला ठेवायची?' असे चुलते म्हणाले, आजोबांनी मान डोलावली, वडिलांना हायसे वाटले. मुलगी वाढीत होती. तिला कोणी विचारले नाही. आणि विचारले असते तरी काकूंच्या देखत 'नको' हा शब्द तिच्या तोंडून कसा निघावा? चार वर्षांचा निर्णय भात वाढून होईपर्यंत झाला. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. कॉलेज सुटल्यावर दोन बसगाड्या बदलून घरी पोहोचेतो दिवेलागण होऊन जाई. काकूंच्या दोन खोल्या, त्यांचा मुलगा दहावीला. कोणी कोणास अधिकउणे बोलले नाही. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर परत निघताना मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा मंडळी जागी झाली. मग सत्राच्या मध्यावर कॉट बेसिसवर जागा शोधण्याची पायपीट. बऱ्या जागा तर जुलैतच भरून गेलेल्या. आणि 'आमचे काय चुकले?' हा सल चुलत्यांच्या घरी राहून गेला तो निराळाच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, या एका प्रवासात तरी नातेवाइकांकडे मुक्काम करू नये. जी शाळा-कॉलेजे पाहावयाची त्यांच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, साध्या पण स्वच्छ लॉजमध्ये किंवा एखाद्या संस्थेच्या अतिथिगृहात दोन रात्री उतरावे. यावर घरातील वडीलधारी मंडळी रागावतील हे मी जाणून आहे. 'सख्खा भाऊ गावात असता लॉजमध्ये?' हा प्रश्न ऐकण्याची तयारी ठेवावी. परंतु मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथी कोणास म्हणावे तर एक रात्र राहणाऱ्यास, असे सांगितले आहे. दोन दिवस चार माणसांनी घर अडवून बसण्यास शास्त्राचाही फारसा आधार दिसत नाही. निघण्यापूर्वी फोन करून सरळ सांगावे की, 'काम सकाळी लवकर सुरू होते आणि रात्री उशिरा संपते, तुमची झोपमोड नको. शेवटच्या दिवशी दुपारी मात्र पानावर येतो.' त्याप्रमाणे जावे, घरचे लोणचे आणि मुलांना खाऊ न्यावा, पोटभर जेवावे. प्रवेशाचा विषय निघालाच तर 'अजून ठरावयाचे आहे' एवढेच बोलावे. भाऊ दुखावला तर एक दिवस दुखावेल. वरील हकीकतीत तो दीर्घकाळ दुखावला.

खर्चाची शंका येईल. दोन रात्रींचे भाडे हे खोलीसाठी पुढे जी अनामत भरावी लागते तिच्यापुढे किरकोळ असते, आणि ती अनामत मध्येच खोली सोडल्यास पुरती परत मिळेलच असे नाही. बरोबर जाणारी माणसे मात्र कमी करावीत. चौघांनी जाण्याचे कारण नाही. एक वडील माणूस आणि विद्यार्थी एवढे पुरे. मुलीबरोबर शक्यतो तिच्या आईने किंवा काकूने जावे. वसतिगृहातील न्हाणीघर, दाराची कडी, जिन्यातील दिवा या गोष्टी पुरुषांच्या नजरेतून सुटतात. शिवाय ज्या बाईंनी आजवर सासर आणि माहेर यांपलीकडे कोठे मुक्काम केलेला नाही, त्यांनाही मुलीच्या निमित्ताने स्वतंत्रपणे दोन दिवस राहावयास मिळते, हा फायदा मी लहान समजत नाही.

आता पुण्यापुरते विशेष सांगतो, कारण आपल्या वाचकांपैकी बहुतेकांची मुले तेथेच जातात. रेल्वे स्टेशनासमोर किंवा स्वारगेटला एस.टी. मधून उतरल्याबरोबर दिसेल त्या लॉजमध्ये शिरणे सोयीचे वाटते. पण ती सोय प्रवाशाची, विद्यार्थ्याची नव्हे. डेक्कन जिमखाना, आपटे रस्ता किंवा जंगली महाराज रस्ता या बाजूस उतरावे. तेथून फर्ग्युसन (स्थापना १८८५), बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय (१९४३) आणि कर्वे रस्त्यावरील गरवारे महाविद्यालय (१९४५) ही पायी फिरून पाहता येतात. इंजिनिअरिंगचे जुने कॉलेज, जे १८५४ साली सुरू झाले आणि २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे, ते संगमाच्या बाजूस आहे. ऑगस्ट २०२३ पासून मेट्रो डेक्कनवरून जिल्हा न्यायालयापर्यंत नेते. पुढचे अंतर थोडे. ज्यांना स. प. महाविद्यालय (१९१६) पाहावयाचे आहे त्यांनी नदी ओलांडून टिळक रस्त्यास किंवा सदाशिव पेठेतच जागा पाहावी. त्या पेठेतील अभ्यासिका, खानावळी आणि जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' अशा पाट्या हेच एक पाहण्यासारखे विद्यापीठ आहे.

एक काळ असा होता की, गरीब विद्यार्थी या पेठांतून वार लावून जेवत आणि माधुकरी मागून शिकत. त्यांची ही परवड पाहूनच १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. पुढे १९५५ साली खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन झाली. अशा संस्थांची वसतिगृहे कॉलेजच्या वसतिगृहांहून निराळी असतात आणि त्यांचे अर्जही निराळे. कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात खाट मिळालीच, ही समजूत तर फारच महाग पडते. ते दोन स्वतंत्र अर्ज, दोन स्वतंत्र याद्या आणि दोन स्वतंत्र मुदती आहेत. या फेरीतच रेक्टरांना भेटून पहिल्या वर्षाच्या मुलांस किती जागा ठेवतात, दार रात्री किती वाजता बंद होते, पाणी कोणत्या वेळी येते, मेसचे पैसे गावी गेल्यावर वजा होतात की नाही, हे विचारून घ्यावे.

मुक्कामाचा खरा उपयोग संध्याकाळी सहानंतर सुरू होतो. सहा ते नऊ या वेळात मुलाला एकट्याने बाहेर सोडावे. होय, एकट्याने. वडील माणसाने खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसावे. मुलाने कॉलेजच्या मुलांबरोबर एका खानावळीत ताट घ्यावे, अभ्यासिकेचे दार उघडून आत किती मुले खरोखर वाचीत आहेत ते पाहावे, टेकडीवर जावयाचे तर अंधार पडण्यापूर्वी जाऊन यावे. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आजोबांसमोर 'छान आहे, काका' एवढेच सांगतो. बरोबरीच्या मुलाला तो कोणता मास्तर शिकवितो आणि कोणता नुसता हजेरी घेतो तेही सांगतो. परतल्यावर मुलाने सांगितलेले ऐकून घ्यावे, मध्येच आपली टीका जोडू नये. लॉजच्या खोलीत दुसरे कोणी ऐकणारे नसते, हाच तिचा मोठा गुण. 'मला येथे राहवणार नाही' हे वाक्य मुलगा किंवा मुलगी जर कधी बोलणार असेल तर ते येथेच, आणि अर्जात पसंतीचा क्रम भरण्यापूर्वी ते कानी पडले तर त्याचा उपयोग होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या भागात पुढे राहण्याचा विचार आहे त्या भागातून कॉलेजच्या वेळेला एकदा जाऊन पाहावे. रिक्षा करू नये. विद्यार्थी ज्या बसने जाईल तीच बस धरावी.

दिवस निवडतानाही विचार हवा. निकालानंतर जून-जुलैत गेल्यास प्रवेशाची झुंबड दिसते, कॉलेज दिसत नाही. वर्ग चालू असताना, म्हणजे अकरावीच्या माघ-फाल्गुनात किंवा बारावीच्या श्रावणात जावे. ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. ते दर्शनाचे दिवस, जागा शोधण्याचे नव्हेत. गणपतीच्या दहा दिवसांत तर लॉजमध्ये खोली मिळणे कठीण आणि टिळक रस्ता ओलांडणे त्याहून कठीण. गुरुवारी संध्याकाळी पोहोचावे, शुक्रवार पुरता हाती ठेवावा आणि शनिवारी परतावे. रविवारी कचेऱ्या बंद असतात.

मुंबईचा प्रकार थोडा निराळा. माटुंग्याला १८८७ साली स्थापन झालेली 'व्हीजेटीआय', १९३३ ची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि १९३७ चे रुइया महाविद्यालय एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. म्हणून दादर-माटुंगा येथेच उतरावे. डोंबिवलीच्या मामांकडे उतरून रोज लोकलने येऊ म्हणणाऱ्यांनी सकाळी साडेआठची गाडी एकदा मुलाला एकट्याने पकडू द्यावी. बाकीचे ती गाडीच सांगेल.

लॉजमध्ये प्रत्येकाचे ओळखपत्र मागतात, मुलाचेसुद्धा. आधार कार्ड आठवणीने बरोबर घ्यावे. खोली ठरविण्याचा फोन मुलालाच करावयास सांगावा. भाडे, खोली रिकामी करण्याची वेळ, गरम पाणी केव्हा मिळते, हे त्यानेच विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. पहिल्या फोनला जीभ अडखळेल. शेजारी बसून आपण सूचना करू नये.