वळण जिंकायचे ते वळणाआधी

कारंजा (घाडगे) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. रस्त्याकडेच्या एखाद्या टपरीवर घटकाभर बसले, की मोटारसायकलवरून सुसाट जाणारी पोरे दिसतातच. शेजारचा म्हातारा पुटपुटतो, ''मस्ती आली या पोट्ट्यायले!''

मला मात्र वाटते, पोरांत मस्तीपेक्षा शिकवणीचा अभाव अधिक आहे. सरळ रस्त्यावर मूठ पिळली की वेग कोणालाही घेता येतो. खरी परीक्षा पुढे, तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटातल्या वळणांवर होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटो जीपीची शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली. पोरांनी स्वारांचा जमिनीला टेकलेला गुडघा पाहिला. वळणाआधीचा ब्रेक पाहिला नाही! गाडी सरळ असतानाच स्वार जोराचा ब्रेक लावतो, गिअर उतरवतो, नजर वळणाच्या शेवटाकडे नेतो आणि मग झुकतो. झुकतानाही ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सैल करतो.

कारण साधे आहे. टायरची पकड ठरावीक असते. ब्रेक आणि वळण यांत ती वाटून घ्यावी लागते. त्याच वळणात ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने शिरले, तर गाडी वळवायला लागणारा जोर दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. घाबरलेला पोरगा नेमका तेव्हाच करकचून ब्रेक दाबतो आणि रस्त्याकडेच्या खड्ड्याकडे पाहतो. जिकडे नजर, तिकडे गाडी.

लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढतात. त्यातून तोल कळतो, वळणात शिरण्याचा वेग कळत नाही. बैल हाकायला पोरगा बापाशेजारी चालून शिकतो. गाडीची मात्र किल्ली हाती दिली की आपण मोकळे! सुटीच्या दिवशी एखाद्या मोकळ्या मैदानावर जाणत्याने चुन्याच्या खुणा कराव्यात: इथे ब्रेक, इथे नजर, इथून झुकायचे. डोक्यावर हेल्मेट, वेग बेताचा, आणि पुन्हापुन्हा तेच वळण. पुढे काय करायचे हे ठाऊक असणे, यालाच आत्मविश्वास म्हणतात.

रस्ता म्हणजे शर्यतीचा ट्रॅक नव्हे, हेही तिथेच सांगावे. इथे वळणापलीकडे ट्रॅक्टरची माती असते, बसलेली गाय असते. म्हणून रस्त्यावर ब्रेकचे काम वळणाआधीच उरकायचे.

घरी वाट पाहणाऱ्या आईला गुडघा किती झुकला याचे कौतुक नसते. फाटकाची कडी वाजली, की तिला पुरे.