टक्केवारी पाहून ग्रंथालय आखू नका

अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता म्हणून काम करणाऱ्या आणि ग्रंथालय समित्यांवर बसणाऱ्या मराठी मंडळींना,



अंदाजपत्रकाचे दिवस आले की समितीच्या बैठकीत एक तक्ता फिरतो. किती टक्के विद्यार्थ्यांकडे स्वतःचा लॅपटॉप आहे, याचा. आकडा शंभराच्या आसपास असतो आणि त्याच्या आधारावर प्रस्ताव मांडले जातात : ग्रंथालयातले संगणक काढा, प्रिंटर कमी करा, पुस्तकांची कपाटं गावाबाहेरच्या गोदामात हलवा. सहसा कुणी हरकत घेत नाही. आपण ती घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी एका सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेव काउंटरवर काम करते. तक्त्यातला आकडा खरा आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्याची झळ कुणाला बसते ते काउंटरवर रोज दिसतं.

हा आकडा काही एका वर्षात वाढलेला नाही. डार्टमथने 1991 पासून नव्या विद्यार्थ्यांना संगणक सक्तीचा केला. वेक फॉरेस्टने 1996 मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना थिंकपॅड द्यायला सुरुवात केली. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने 2000 साली पहिल्या वर्षाला लॅपटॉप सक्तीचा केला आणि ज्यांना तो परवडत नव्हता त्यांच्यासाठी अनुदानाचीही सोय केली. सक्ती करायची तर तिचा भार विद्यापीठानेही उचलायचा, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. पुढे सक्तीची गरजच उरली नाही, विद्यार्थी आपणहून लॅपटॉप घेऊन येऊ लागले, आणि त्याबरोबर भार उचलण्याची चर्चाही मागे पडली. 2009 साली व्हर्जिनिया विद्यापीठाने आपल्या सार्वजनिक संगणक-लॅब टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. तिथे येणाऱ्या तीन हजारांहून अधिक नव्या विद्यार्थ्यांत संगणक नसलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. विद्यापीठाचा तर्क वरवर बिनतोड होता : ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी पुन्हा कशाला ठेवायचं?

पुस्तकांचंही तेच झालं. 2001 मध्ये ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’ने ओस पडत चाललेल्या ग्रंथालयांवर लेख छापला आणि त्यावर बराच काळ वाद झाला. 2005 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने पदवीच्या विद्यार्थ्यांच्या ग्रंथालयातली सुमारे 90,000 पुस्तकं दुसरीकडे हलवली आणि त्या जागी चोवीस तास उघडं राहणारं संगणकांचं दालन केलं. जॉर्जिया टेकने तर दहा वर्षांनी जवळजवळ सगळाच छापील संग्रह एमरी विद्यापीठाबरोबर बांधलेल्या सामायिक कोठारात नेला. शिकागो विद्यापीठाने वेगळा रस्ता धरला. पुस्तकं आवारातच हवीत असं ठरवून त्यांनी 2011 मध्ये काचेच्या घुमटाखाली, जमिनीच्या पोटात 35 लाख खंड मावतील असं मॅन्सुएटो ग्रंथालय उभारलं. तिथे यंत्राने पुस्तक काही मिनिटांत वर येतं आणि घुमटाखाली विद्यार्थी वाचत बसतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या हंट ग्रंथालयात 2013 पासून 20 लाख खंडांची जागा असलेलं असंच यंत्र आहे. पुस्तकांनी अडवलेली जागा तिथे माणसांना मिळाली, पण पुस्तकं त्याच छताखाली राहिली. खर्च झाला, हे उघड आहे. तो करायची त्यांची तयारी होती, हेही उघड आहे.

आता मूळ मुद्दा. लॅपटॉप आले की ग्रंथालय रिकामं होईल असा कयास होता. तसं झालं नाही. परीक्षेच्या आठवड्यात रात्री अकराला येऊन बघा, खुर्ची मिळत नाही. आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही, कारण पुण्यात सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत आपण हेच पाहिलं आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांकडे फोन असतो, लॅपटॉप असतो, नोट्स पीडीएफमध्ये असतात, तरी दर महिन्याला पैसे भरून ती अभ्यासिकेतली एक खुर्ची धरतात. खोलीत चौघं राहतात, दिवा एक असतो, कुणीतरी झोपलेलं असतं. उपकरण खिशात आलं तरी टेबल, उजेड, शांतता आणि चार्जिंगचा पॉइंट खिशात येत नाही. अमेरिकेत पोचलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची राहणी पहिल्या वर्षी काही फार वेगळी नसते. 2023-24 मध्ये इथे 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे त्या वर्षी कुठल्याही देशापेक्षा जास्त, आणि त्यांतले बहुसंख्य पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेले. दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये पाच जण राहत असतील, तर ग्रंथालय हीच त्यांची अभ्यासाची खोली.

आणि त्या जागेत काय कमी पडतं? जुन्या वाचनकक्षांत विजेचे पॉइंट फक्त भिंतीला आहेत, कारण मधल्या टेबलांवर कधीकाळी फक्त वही आणि पुस्तक असायचं. त्यामुळे मधली टेबलं मोकळी आणि भिंतीशी जमिनीवर मांडी घालून बसलेली मुलं, असं दृश्य असतं. आमच्या काउंटरवर हल्ली पुस्तकापेक्षा चार्जर जास्त मागितला जातो. परवाच एक मुलगा आला, बहुधा आपल्याकडचाच. भारतात बीईला असताना घेतलेला त्याचा लॅपटॉप, त्याच्या चार्जरला गोल पिनांचा प्लग, त्यावर चढवलेला कन्व्हर्टर. वजनाने तो जोड भिंतीच्या सॉकेटमधून सारखा खाली येत होता. बॅटरी पूर्ण बसलेली, म्हणजे प्लग निसटला की यंत्र बंद. तो एका हाताने प्लग दाबून धरत दुसऱ्या हाताने टाइप करत होता. समितीच्या तक्त्यात हा मुलगा ‘लॅपटॉप आहे’ या रकान्यात मोजला जातो.

या मुलासारखे किती, याचाही अभ्यास झालेला आहे. एमी गोन्झालेस, जेसिका कॅलार्को आणि टेरेसा लिंच या संशोधकांनी 2018 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ सगळ्यांकडे फोन आणि लॅपटॉप होते, पण पाचांतल्या साधारण एकाला ते चालू ठेवणं जड जात होतं : यंत्र बिघडलेलं, डेटा संपलेला, दुरुस्तीला पैसे नाहीत. ही अडचण गरीब घरांतल्या आणि गोऱ्या नसलेल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला जास्त आली होती, आणि कुरकुरणाऱ्या लॅपटॉपवर ज्यांची भिस्त होती त्यांचे गुणही कमी होते. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे आवारं बंद झाली तेव्हा हे सगळं एकदम उघड्यावर आलं. लॅपटॉप आणि हॉटस्पॉट वाटायला विद्यापीठांची धावपळ झाली, आणि बंद इमारतींबाहेर गाडीत बसून वायफाय पकडत विद्यार्थ्यांनी परीक्षा दिल्या. नंतर आवारं उघडली आणि समित्या पुन्हा त्याच तक्त्याकडे वळल्या, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सॉफ्टवेअरचंही असंच आहे. सॉलिडवर्क्स किंवा आर्कजीआयएस प्रो विंडोजवरच चालतात. मॅक किंवा क्रोमबुक घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला ग्रंथालयातला संगणक लागतोच. दूरस्थ आभासी संगणकाची सोय चांगली आहे, पण तिला दमदार इंटरनेट लागतं आणि तेरा इंची पडद्यावर नकाशाचे थर किंवा यंत्राचं त्रिमित चित्र हाताळताना डोळे थकतात. आपल्यातले अभियांत्रिकीचे प्राध्यापक हे माझ्यापेक्षा जास्त जाणतात. मग समितीत ते का बोलत नाहीत, हा प्रश्न मला पडतो.

आपला वारसाही इथे आठवावा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड 1906 मध्ये अमेरिकेत आले, इथली ग्रंथालयं त्यांनी पाहिली आणि 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला नेलं. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवायची पद्धत बडोद्यात सुरू झाली. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याच्यापर्यंत ते पोचवायचं, हा त्या पेट्यांमागचा हिशेब. त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आले. शिष्यवृत्तीच्या मोजक्या पैशांत राहणाऱ्या त्या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमध्ये वाचनाचा जो झपाटा लावला, त्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आधार होता. आज कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. त्या पुतळ्याला हार घालायला आपण जातो. तिथून परत येताना, आजच्या शिष्यवृत्तीवरच्या मुलाला या इमारतीत काय मिळतं आणि काय काढून घेतलं जातंय, याची चौकशी करणंही आपल्यालाच शोभतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. संगणक काढायचेच असतील तर कुठले काढताय ते पाहा : नुसत्या ब्राउझरसाठी वापरले जाणारे गेले तरी चालतील, पण मोठ्या पडद्याचे, महागडी सॉफ्टवेअर असलेले राहू द्या, आणि त्यांतले काही रात्रभर उघड्या असणाऱ्या मजल्यावर ठेवा. लॅपटॉप चार तासांसाठी उसना देऊन काही साधत नाही. तो संपूर्ण सत्रासाठी द्या, आणि तो घेताना विद्यार्थ्याला गरिबीचा दाखला मागू नका. मागितला की मुलं येत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. संगणक काढून वाचलेल्या पैशांतून मधल्या टेबलांपर्यंत वीज न्या. दुरुस्तीचा एक छोटा कट्टा देवघेव काउंटरशेजारी असू द्या, जिथे तुटलेलं बिजागर किंवा बसलेली बॅटरी स्वस्तात बदलून मिळेल. तिथे कामाला विद्यार्थीच घ्या. एफ-1 व्हिसावरच्या मुलांना सत्र चालू असताना आवारातच, तेही आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, आणि पुस्तकांची देवघेव घटल्यावर ग्रंथालयातले त्यांचे तास आधीच घटले आहेत. पुस्तकं बाहेर हलवण्याबद्दल इतकंच सांगेन की निदान पाठ्यपुस्तकांचा राखीव संग्रह काउंटरमागे राहू द्या. दोनशे डॉलरचं पुस्तक दोन तासांसाठी फुकट मिळणं, हा आमच्याकडच्या कित्येक विद्यार्थ्यांचा सत्राचा आधार असतो.

पुढच्या बैठकीत लॅपटॉपच्या टक्केवारीचा तक्ता आला की आपल्या ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवरच्या नोंदी मागवा. गेल्या सत्रात किती लॅपटॉप, किती चार्जर उसने गेले, किती मुलं प्रतीक्षायादीत राहिली, रात्री दहानंतर किती संगणक वापरात होते, हे सगळं यंत्रणेत नोंदलेलं असतं आणि अर्ध्या तासात छापून मिळतं. आमच्याकडे ते मागायला अजून कुणी आलेलं नाही. तो कागद तक्त्याशेजारी ठेवून मगच प्रस्तावावर मत द्या.

आपली नम्र,
देवघेव काउंटरवरची एक कर्मचारी