सांभाळायला द्या, म्हणे!

अलीकडे एक विद्वान गृहस्थ जागोजागी एकच व्याख्यान देत फिरत आहेत. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण मत त्यांच्या एकट्याचे नाही. सोसायट्यांच्या वार्षिक सभांत, ज्येष्ठ नागरिक संघांच्या कट्ट्यांवर, परिसंवादांत ते आता सर्रास ऐकू येते. मत असे : महापालिकेने पाणी सोडावे, कचरा उचलावा, गटारे वाहती ठेवावीत आणि गप्प बसावे. बागा, टेकड्यांवरच्या पायवाटा, समुद्रावरच्या पुळणी हे तिचे काम नव्हे. तिला ते जमत नाही, जमलेले नाही, जमणार नाही. जे सर्वांचे ते कुणाचेच नसते, म्हणून ते कुणातरी एकाला सांभाळायला द्यावे : एखाद्या ट्रस्टला, कंपनीला, नाहीतर शेजारच्या चार सोसायट्यांच्या संघाला. दारावर तिकीट लावावे, म्हणजे शिस्त येते. नगरसेवकांची लुडबुड थांबते. गवत हिरवे राहते. पुरावा? गोव्याला जाऊन पाहा. इथे टाळ्या पडतात.

गृहस्थांच्या तक्रारी खोट्या नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी उडणारे आणि त्यानंतर डासांना आसरा देणारे कारंजे मीही पाहिले आहे. बाकड्याच्या पाठीवर ‘संकल्पना’ म्हणून माननीयांचे नाव ठळक, आणि बाकड्याची फळी मात्र गायब. स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली माळीकाकांकडे आणि माळीकाका साहेबांच्या बंगल्यावर. मार्च महिना आला की चांगली फरशी उखडून तिथे नवी फरशी. हे सगळे आहे. पण यावरून बाग दुसऱ्याच्या नावावर करण्याचा सल्ला कसा निघतो, ते काही केल्या कळत नाही.

आधी किरकोळ मुद्दे संपवू.

तिकिटाने शिस्त येते म्हणता? तिकीट लावायला खासगी हात कशाला हवा? भायखळ्याच्या राणीच्या बागेचे पाच रुपयांचे तिकीट २०१७ मध्ये पन्नास रुपयांवर नेले ते मुंबई महापालिकेनेच. मलबार हिलच्या झाडीतून गेलेल्या, २०२५ मध्ये खुल्या झालेल्या उंच लाकडी पायवाटेवर पंचवीस रुपये घेते तीही महापालिकाच. तेव्हा तिकीट हा काही ट्रस्टांचा शोध नव्हे. ते बरे की वाईट हा वाद वेगळा. माझ्या मते रोजच्या बागेला वाईटच.

नगरसेवकांच्या लुडबुडीचे म्हणाल, तर गृहस्थांचे स्वप्न एकदा पुरे होऊन गेले आहे. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात पुण्यात नि मुंबईत नगरसेवक नावाचा प्राणीच नव्हता. प्रशासक एकहाती कारभार पाहत होते. त्या जवळजवळ चार वर्षांत कारंजी उडू लागली का? बाकड्यांना फळ्या आल्या का? व्याख्यानात याचे उत्तर येत नाही, प्रश्नही येत नाही.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. तो जरा लांबेल, त्याला इलाज नाही.

‘सांभाळायला देणे’ म्हणजे काय, हे मुंबईने करून पाहिले आहे. मैदाने आणि बागांचे भूखंड संस्थांना दत्तक किंवा काळजीवाहक म्हणून देण्याचे धोरण तिथे होते. कल्पना कागदावर गोड होती : जमीन पालिकेची, देखभाल संस्थेची, वापर सर्वांचा. देखभालीचा खर्च निघावा म्हणून भूखंडाच्या काही भागावर बांधकामाची मुभा. झाले काय, तर काही ठिकाणी त्या ‘काही भागा’वर क्लबहाऊस उभी राहिली, क्लबहाऊसला सभासद आले, सभासदांना वर्गणी आली आणि उरलेल्या मैदानावर पोरांना ‘आज कार्यक्रम आहे’ असे सांगणारा रखवालदार आला. ओरड झाली, धोरण थांबले. मग जानेवारी २०१६ मध्ये नवे रूप घेऊन ते पालिकेच्या सभागृहात मंजूर झाले. पुन्हा ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. भूखंड परत घ्या असे ठरले, तेव्हा कळले की दिलेला भूखंड परत मिळवायला पालिकेलाही वर्षे लागतात. आणि हे कोणत्या शहरात? जिथे माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे नेहमी सांगितले जाते, म्हणजे एक सतरंजीही नीट पसरता येऊ नये, अशा शहरात.

गृहस्थ म्हणतील, ती संस्था वाईट होती, आम्ही चांगली निवडू. हीच तर गंमत आहे. संस्था चांगली की वाईट हे मी कसे ठरवायचे? महापालिका वाईट आहे हे आपण इतक्या ठामपणे म्हणू शकतो, कारण तिचे सगळे उघड्यावर असते. तिचा अर्थसंकल्प छापला जातो. निविदा जाहीर होते. लेखापरीक्षणाचे ताशेरे वर्तमानपत्रात येतात. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ सालचा, आणि महाराष्ट्राने तर त्याआधीच आपला स्वतःचा कायदा केला होता. दहा रुपयांचे तिकीट चिकटवून अर्ज केला की कारंज्यावर किती खर्च झाला ते तीस दिवसांत सांगणे पालिकेला भाग असते. पुण्यात तर वर्षानुवर्षे सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात पालिकेच्या कार्यालयात जाऊन फायली उघडून पाहता येत. अर्जसुद्धा लागत नसे. असे सोमवार गाजवणारे निवृत्त लोक या शहरात आहेत आणि अधिकारी त्यांना चळचळा कापतात.

हाच प्रश्न ट्रस्टला विचारून पाहा. ‘आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही’ हे छापील उत्तर येईल. मग ट्रस्टला सरकारी पैसा भरीव प्रमाणात मिळतो की नाही यावर तुम्ही माहिती आयोगाकडे अपील करायचे, सुनावणीची वाट पाहायची, आणि तोवर मुलाला बागेत नेण्याचे वय उलटून जाते. पालिकेच्या बागेत घाण आहे असे म्हणणारा नागरिक असतो. ट्रस्टच्या बागेत तेच म्हणणारा उपद्रवी ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी दारावरचा रखवालदार त्याला ओळखू लागतो.

आणि टेकड्या? पुण्याच्या टेकड्या आज जेवढ्या शिल्लक आहेत तेवढ्या कशाने राहिल्या? १९९७ मध्ये तेवीस गावे शहरात आली, त्यांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, लोकांच्या तोंडी ‘बीडीपी’चे, आरक्षण पडावे म्हणून लोक झगडले. ते ९७८ हेक्टरांचे आरक्षण मार्गी लागायला पुढची दीड-दोन दशके गेली. वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याचा घाट घातला तेव्हा २०२३ मध्ये माणसे रस्त्यावर उतरली. या सगळ्या भांडणात हत्यार कोणते होते? हरकती आणि सूचना. १९६६ च्या नगररचना कायद्याने आराखड्यात बदल करायचा तर तो जाहीर करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, ऐकून घ्याव्या लागतात. ऐकणारा अधिकारी जांभया देतो, हेही खरे. पण जांभई देत का होईना, त्याला समोर बसावे लागते. कंपनीने टेकडीवर कुंपण घालायचे ठरवले, तर हरकत कुठल्या खिडकीवर द्यायची?

इथे मला उलट उदाहरण दिले जाते : मुंबईचे ओव्हल मैदान. ते पालिकेने नव्हे, रहिवाशांनी वाचवले, आज ते कसे राखले आहे बघा. बघितले. पण ते रहिवासी न्यायालयात गेले होते ते सरकारला त्याचे कर्तव्य करायला लावायला, आणि जाता आले ते मैदान सार्वजनिक होते म्हणूनच. शिवाय तिथे आजही कोणत्याही गल्लीतले पोर बॅट घेऊन शिरते. नागरिकांनी देखरेख करावी याला माझा विरोध कधीच नव्हता. माझे भांडण नागरिकांतल्या काहींनी मालक होण्याशी आहे. पूर्वी एका मासिकातल्या वादात मी हेच लिहिले, तेव्हा मला समाजवादी भूत लागल्याचे निदान झाले होते. भुताचे म्हणणे आजही तेच आहे.

आता गोवा. टाळ्यांचे वाक्य. गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक २००८ पासून एका खासगी कंपनीचे आहेत, ते कार्यक्षम आहेत, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला पट्टा पोहायला सुरक्षित, एकटा लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही, हे तिथे येणाऱ्याला समजावले जाते. सगळे मान्य. पण कंपनीला नेमले कोणी? राज्याच्या पर्यटन खात्याने. पैसे कोण देते? सरकारी तिजोरी. कंत्राटावर प्रश्न कुठे विचारले जातात? विधानसभेत. किनाऱ्यावर जायला तिकीट आहे? नाही. म्हणजे गोव्यात पोहणारे हात भाड्याने आणले आणि मालकी, पैसा, जाब सरकारकडेच ठेवला. गृहस्थांनी पुरावा म्हणून ज्याला उभे केले, तो साक्षीदार माझ्या बाजूने बोलून गेला!

गोव्याचे कौतुक करताना त्यांनी मध्ये लागणारे कोकण मात्र गाडीत झोपून पार केलेले दिसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. घाटावरच्या माणसाला समुद्र वाचता येत नाही. भरतीत लाट किनाऱ्याकडे ढकलते आणि ओहोटीत तीच आत ओढते, हे कोळ्याच्या पोराला न शिकवता माहीत असते. आपल्याकडच्या पदवीधराला ते कुणीतरी तिथे उभे राहून सांगावे लागते. अशा जागी सांगणारा कोण? नगर परिषद ग्रामपंचायतीकडे, ग्रामपंचायत सागरी मंडळाकडे, मंडळ महसूल खात्याकडे आणि सगळे मिळून पोलिसांकडे बोट दाखवतात. बुडणाऱ्याला बाहेर काढायला धावतात ते बहुधा आसपासचे होडीवाले. २०२० मध्ये राज्याने आठ किनाऱ्यांसाठी शॅकचे धोरण आणले आणि एका किनाऱ्यावर किती शॅक असावेत हे मोजून ठरवले. बीअर कुठे मिळेल याची अशी आखणी करणाऱ्या सरकारला जीवरक्षकाची आखणी अवघड का जावी?

इथे ट्रस्ट काय करणार? पुळणीला कुंपण घालता येत नाही. तिथे तिकीटघर बसत नाही. म्हणून व्याख्यानात कोकण येत नाही.

मग तुमचे म्हणणे काय, असे विचारले जाईल. ते फार मोठे नाही. पहिली गोष्ट कायद्याची. महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमात आवश्यक कर्तव्यांची यादी कलम ६३ मध्ये आहे आणि ऐच्छिक कर्तव्यांची कलम ६६ मध्ये. उद्याने आणि क्रीडांगणे दुसऱ्या यादीत बसवलेली. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा, क्रीडांगणे नगरपालिकांच्या विषयांत घातली त्याला तीन दशके उलटली. तरी बाग ही आमच्याकडे जमले तर करायची गोष्ट आहे. ती पहिल्या यादीत आणा. पैसे कमी पडले की सर्वांत आधी माळ्याची जागा रिकामी ठेवली जाते, त्याचे मूळ इथे आहे.

दुसरी, प्रभाग समितीची बैठक वर्षातून एकदा तरी त्या प्रभागातल्या बागेत घ्या, कारंज्याशेजारी. दारावरच्या फलकावर संकल्पनाकाराच्या नावाऐवजी जबाबदार अधिकाऱ्याचे नाव, बागेचा वर्षाचा खर्च आणि ठेकेदाराची मुदत लिहा. ठेकेदार असू द्या, देखभाल बाहेरून करून घ्या, गवत कोण कापते याने मला फरक पडत नाही. शेजाऱ्यांची समिती नेमा, तिला तपासणीचा अधिकार द्या, किल्ली देऊ नका.

तिसरी, किनाऱ्याला एकच धनी ठरवा. तो स्थानिक संस्थाच असावा, कारण बाकीचे सगळे जिल्ह्याच्या गावी बसतात. भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक रोज बदला आणि जीवरक्षकाला मानधनाऐवजी पगार द्या.

पैसे कुठून, हा शेवटचा प्रश्न गृहस्थ विजयी मुद्रेने विचारतात. कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर ग्रामपंचायत गाडीमागे पावती फाडते. पावती फाडायला पोरगा बसवणे परवडते, तर समुद्राकडे तोंड करून दुसरा बसवणेही परवडायला हवे. एकट्या ग्रामपंचायतीला ते झेपत नसेल तर राज्याने भर घालावी, गोव्याने घातली तशी. आणि पावतीचे पैसे गेले कुठे, असा संशय आला, तर ग्रामसभेत उभे राहून गावातल्या कोणत्याही मतदाराला सरपंचाला तसे विचारता येते. ट्रस्टच्या वार्षिक सभेत सभासद नसलेल्याला बसायला खुर्चीही मिळत नाही.